वेलांटी आणि तीनशे कार्डं

छापखान्यात त्याला नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मालकांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्याला वेलांटी म्हणायचे. एका पुस्तकात ऱ्हस्व वेलांटीच्या जागी दीर्घ पडली म्हणून त्यानं चालू मशीन थांबवायला लावलं होतं, तेव्हापासूनचं हे नाव. मशीन मी चालवायचो आणि नाव ठेवणाराही मीच. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. मी म्हटलं, "अरे, वाचणारा समजून घेतो." त्यावर तो म्हणाला, "वाचणाऱ्यानंच समजून घ्यायचं तर मी इथं काय माशा मारायला बसलोय?" मी चडफडत मशीन बंद केलं. तीस वर्षांची आमची दोस्ती त्या भांडणातून सुरू झाली.

तो मुद्रितं तपासायचा. काचेच्या फळीमागे त्याचं टेबल, त्यावर लाकडी पट्टी, लाल शाईचं पेन आणि चष्म्याचं घर, बाकी काही नाही. प्रत्येक पान दोनदा वाचायचा. एकदा सरळ आणि एकदा शेवटच्या शब्दापासून उलट. सरळ वाचताना मन पुढं पळतं आणि चुकीवरून उडी मारतं, असं त्याचं म्हणणं. माणूस तसा रुक्ष. आम्ही चहाला जमून कोणाची तरी टर उडवत असलो, की हा मध्येच आमचं व्याकरण सुधारायचा. पण कोणाची चूक त्यानं मालकांच्या कानावर घातली नाही. चूक दाखवायची ती ज्याची त्याला, आणि दुरुस्त झाली की विसरायची, एवढं तो पाळायचा.

चुकीला वळण असतं, हे त्याचं आवडतं वाक्य. म्हणजे चूक कशीही होत नाही. घाईत 'ध'चा 'घ' होतो, 'म'चा 'भ' होतो, झोपेत एक ओळ दोनदा येते, पण 'म'चा 'ठ' कधी होत नाही. एकदा मालकांशी भांडून नोकरी सोडणाऱ्या एका टायपिस्टनं शेवटच्या दिवशी पानभर चुका पेरून ठेवल्या. वेलांटीनं ते पान हातात घेतलं, अर्धं वाचलं आणि बाजूला ठेवून दिलं. म्हणाला, "ह्या चुका नाहीत, हा राग आहे. त्याला बोलवा आणि आधी त्याचं ऐकून घ्या." मालकांनी बोलावलं, आणि तो टायपिस्ट पुढं नऊ वर्षं आमच्याकडेच टिकला.

वहिनी गेल्या त्याला आता सात वर्षं झाली. एकच मुलगी. घरात सगळे तिला माऊ म्हणतात, म्हणून मीही म्हणतो, पण नावावर जाऊ नका. दवाखान्यात रुग्णांची उठबस करायचं काम ती करते आणि शंभर किलोच्या माणसाला एकटी कुशीवर वळवते. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या निवासात काम करायला माणसं हवीत असं तिला कळलं, आणि तिनं ध्यासच घेतला. तिकडे माणसं पाठवणाऱ्या एका संस्थेनं तिची निवड केली. मात्र भाषेची परीक्षा पास व्हायची अट होती.

एक दिवस ती मशीनपाशी येऊन म्हणाली, "काका, मला कार्डं कापून द्याल? तीनशे."

"लग्न ठरलं की काय?"

"जपान्यांशी," ती म्हणाली.

छपाईतून उरलेला जाड कागद माझ्याकडे पडून होता. तीन इंच बाय दोन इंच असे तुकडे कापले, कोपरे गोल केले, एका कोपऱ्याला भोक पाडून रिंगा घातल्या. कार्डाच्या एका बाजूला ती जाड पेनानं जपानी चिन्ह काढायची आणि मागे मराठीत त्याचा उच्चार आणि अर्थ लिहायची. एकेक चिन्ह म्हणजे एकेक शब्दच. त्याला कांजी म्हणतात, हे मला तिच्याकडून कळलं. वेलांटीला समोरच्या बाजूत काडीचा रस नव्हता. "तुझ्या मुंग्या तुला लखलाभ," म्हणायचा. पण मागच्या बाजूला तिनं 'नदि' लिहिलं होतं, ते त्यानं लाल पेनानं 'नदी' केलं, आणि मग बसून सगळी तीनशे कार्डं मागून तपासली.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी ते झालं. सकाळी दहाच्या सुमारास मी त्याच्या टेबलावर एक पान नेऊन ठेवलं. त्यानं चष्मा चढवला, पट्टी ठेवली, आणि मग बराच वेळ काही हाललं नाही. शेवटी मान वर करून म्हणाला, "हे कुठल्या भाषेतलं आणलंस? कामाच्या वेळी चेष्टा नको."

मी पान बघितलं. साधं मराठी पान होतं, शाळेच्या अहवालाचं.

मेंदूत गुठळी झाली होती. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, बुद्धी शाबूत. डॉक्टरांनी त्याला कागद देऊन चार ओळी लिहायला सांगितल्या. त्यानं झरझर लिहिल्या, खाली तारीख घातली. डॉक्टर म्हणाले, "आता वाचा." तो स्वतःच्या अक्षराकडे बघत बसला. लिहिता येत होतं आणि वाचता येत नव्हतं. असं असू शकतं हे मी कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं, लिहिण्याची वाट वेगळी आणि वाचण्याची वेगळी. बोटानं अक्षर गिरवून पाहिलं तर त्याला ते ओळखू यायचं, पण दुसऱ्या अक्षरावर जाईपर्यंत पहिलं निसटायचं. एक शब्द लावायला त्याला घाम फुटायचा.

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. कोणावर ते सांगता येत नाही. ज्यांना वाचायला दिलं तर कंटाळा येतो अशी माणसं धडधाकट फिरतात, आणि ह्याचंच नेमकं वाचणं जावं.

घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यानं सकाळची गोळी दोनदा घेतली. पाकिटं सारखी, गोळ्या सगळ्या पांढऱ्या, पाकिटावरचं वाचता येत नाही, आणि विचारायचं तर माऊ कामावर गेलेली. न्हाणीघरात चक्कर येऊन पडला. डोकं थोडक्यात वाचलं. त्या दिवसापासून माऊ जपानबद्दल बोलेनाशी झाली. जाणार नाही असंही म्हणेना. जपानीच्या क्लासला जायची, कार्डं घेऊन बसायची, पण तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता.

वेलांटीनं मात्र एक काम मागून घेतलं. "मला वाचता येत नाही, कार्ड हातात तर धरता येतं. मी दाखवतो, तू सांग." मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं समोरासमोर बसायची. तो एकेक कार्ड उचलून धरायचा, ती अर्थ सांगायची, मग कार्ड उलटून स्वतःच पडताळायची. मी छापखान्यातून थेट तिथं जायचो आणि चहा पीत बसायचो.

असाच एकदा बसलो होतो. माऊ गॅसकडे तोंड करून उभी होती. वेलांटी पुढचं कार्ड हातात घेऊन बोटानं त्यावरच्या रेघा गिरवत होता. अचानक म्हणाला, "हे पाणी."

माऊ वळली. मी कार्ड उलटलं. पाणी.

"आता हे सांग," मी दुसरं कार्ड धरलं.

त्यानं बोट फिरवलं. "झाड." तिसरं धरलं. "हे कालचं. विसावा. झाडाला टेकलेला माणूस."

डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, अक्षराला अक्षर जोडत वाचणं वेगळं, आणि एका चिन्हाला एक अर्थ हे वेगळं, तो कदाचित ही चित्रं म्हणून ओळखत असेल. जमतंय तर जमू द्या. वेलांटीला कारणाशी देणंघेणं नव्हतं. भुकेल्या माणसासारखा तो त्या कार्डांवर तुटून पडला. दोन महिन्यांत त्याची दीड-दोनशे चिन्हं झाली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मराठीचा हा चौकीदार मराठीतलं पाकीट वाचू शकत नव्हता आणि जपानीत सकाळ, आई, वीज, पाऊस वाचत होता. आम्ही हसलो त्यावर. तोही हसला.

पण एक उलटं घडू लागलं. त्याचं जमत गेलं तसतसं माऊचं बिघडत गेलं. आधी अडीचशे चिन्हं तोंडपाठ होती, आता सोपी सोपी चुकायला लागली. क्लासच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, काही अडचण आहे का. मला वाटलं, काळजीनं पोरीचं डोकं जागेवर नाही. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

एका रविवारी सकाळी वेलांटीनं कार्ड धरलं. चौकोनासारखं चिन्ह, आत दोन ठिपके, मधून आडवी रेघ.

"नदी," माऊ म्हणाली.

त्यानं कार्ड खाली ठेवलं नाही. "परत बघ."

"नदीच ना?"

त्यानं सगळी रिंग टेबलावर ठेवली. "माऊ, तुला येतंय."

"नाही येत, बाबा. डोक्यात राहतच नाही काही."

"तुझ्या आधीच्या चुका माझ्या लक्षात आहेत. माणूस आणि आत जाणं ह्यांत तू दहा वेळा घसरलीस. दोन्हींत दोन-दोनच रेघा, फक्त कलायचा फरक. तिथं कोणीही घसरेल. माती आणि शूर ह्यांत घसरलीस, तेही ठीक. पण हे 'आई' आहे. आईला नदी म्हणायला नदीत आणि तिच्यात एक तरी रेघ सारखी हवी ना? नदी म्हणजे तीन उभ्या रेघा." त्याचा आवाज चढला नव्हता. "गेले पंधरा दिवस तुझ्या चुकांना वळणच नाही. ह्या चुका नाहीत, बाळा. तू नापास व्हायची तयारी करते आहेस."

मी चहाचा कप कुठं ठेवावा ते मला कळेना. उठून जावं असं वाटलं, पण उठलो असतो तर खुर्चीचा आवाज झाला असता.

"मग काय करू?" ती शेवटी म्हणाली. "नाही जात म्हटलं असतं, तर तुम्ही जन्मभर स्वतःला बोल लावला असता. नापास झाले, तर कोणाचाच दोष नाही. आणि मी गेले, आणि तुम्ही परत गोळी दोनदा घेतलीत तर? मी तिकडे दुसऱ्यांच्या वडिलांना वेळेवर गोळ्या देत बसू?"

ती रडत नव्हती, फक्त त्याच्याकडे बघत होती, आणि तो टेबलाकडे. रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. मला तर वाटलं, पोरगी म्हणते ते खरं आहे, आता हा विषय इथंच संपला.

मग वेलांटी म्हणाला, "तिकडे गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहितात?"

"सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"चिन्हांत?"

"हो."

"मग इथंही तेच लिही."

औषधाच्या दुकानातून आम्ही गोळ्यांची डबी आणली. सात ओळी, प्रत्येक ओळीत तीन खण, एकवीस झाकणं. माऊनं प्रत्येक झाकणावर बारीक कागद चिकटवून सकाळ, दुपार, संध्याकाळची चिन्हं काढली. उभ्या कडेला वार. जपानी वारांची गंमत तिनंच आम्हाला सांगितली होती, की सोमवार म्हणजे चंद्र आणि रविवार म्हणजे सूर्य, अगदी आपल्यासारखं. मंगळवारला आग, बुधवारला पाणी, गुरुवारला झाड. वेलांटीनं कोणत्याही झाकणावर बोट ठेवावं आणि न अडखळता सांगावं, "मंगळवार दुपार," "शनिवार सकाळ." त्याच दिवशी आम्ही त्याची तीन-चारदा तपासणी घेतली. एकदाही चुकला नाही.

माऊचं समाधान झालं नाही. कामातून आलेलं शहाणपण तिच्याकडे होतं. "ओळखणं वेगळं आणि रोज घेणं वेगळं," ती म्हणाली. "मी एक आठवडा मैत्रिणीकडे राहते. सोमवार ते रविवार. एक जरी गोळी राहिली, किंवा एक जरी दोनदा गेली, तर मी परीक्षेला बसणार नाही. आणि तुम्ही मला पुन्हा जा म्हणायचं नाही."

"कबूल," तो म्हणाला.

"काका, तुम्ही सूचना द्यायची नाही."

"मी कशाला देतो?" मी म्हटलं. तो आठवडा मी संध्याकाळी सहाला जायचो आणि सातला निघायचो. गोळी आठची. डबीकडे मी बघायचोसुद्धा नाही. त्याला स्वतःच्या हिमतीवर करू द्यायचं, असं मनाशी ठरवलं होतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. शुक्रवारी तो जरा गप्प होता. मला वाटलं, दमला असेल.

शनिवारी गेलो, तर डबी त्याच्यासमोर उघडी होती.

"गुरुवारची संध्याकाळ राहिली," तो म्हणाला.

झाडाच्या ओळीतला तिसरा खण. आत पांढरी गोळी तशीच.

"वाचता नाही आलं?"

"वाचता आलं. खुर्चीत डोळा लागला. उठलो तेव्हा शुक्रवारची सकाळ झाली होती. राहिलेली नंतर घ्यायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून घेतली नाही."

"मग तसं सांग तिला. डोळा कोणाचाही लागतो. समजून घेईल ती."

"नाही घेणार. ती थांबेल." त्यानं डबी माझ्याकडे सरकवली. "काढ ती."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. एका वेलांटीसाठी पाचशे प्रती रद्द करायला लावणारा माणूस मला म्हणत होता की ही चूक लपव. मी म्हटलं, "तू सांगतोयस हे?"

"मी सांगतोय." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "मला एकटं राहायची भीती वाटते. रोज वाटते. पण माझ्यापायी ती इथं अडकून पडली, तर मला त्याहून जास्त वाटेल. माझ्या हातानं काढवत नाही, म्हणून तुला सांगतोय."

मी गोळी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. खण बंद केला. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर निघालो. घरी जाताना ती गोळी मला छातीशी जाणवत होती. मी बरोबर केलं असं मला तेव्हा वाटलं नाही. अजूनही पूर्ण वाटत नाही.

सोमवारी सकाळी माऊ आली. हात धुऊन टेबलाशी बसली आणि एकवीस झाकणं एकेक करून उघडली. सगळे खण रिकामे. गुरुवारच्या ओळीशी तिचा हात थांबला असं मला वाटलं, पण चोराच्या मनात चांदणं, तेव्हा मी तिकडे दुर्लक्ष केलं. सगळं बघून झाल्यावर तिनं वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

ती परीक्षेला बसली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. कागदपत्रांत चार महिने गेले. त्या चार महिन्यांत वेलांटीची एकही गोळी चुकली नाही. माऊनं नळावर, गॅसवर, विजेच्या बटणांवर, डब्यांवर चिन्हं लावली. खोलीत शिरलं की वाटावं, हाच जपानला निघालाय.

जायच्या दिवशी दुपारी टॅक्सी आली. वेलांटी वरच राहिला. जिना उतरताना त्याला अजून गरगरायचं, आणि रस्त्यात निरोप नको असंही तो म्हणाला. बॅगा घेऊन मी खाली आलो. बॅगा चढवून झाल्यावर माऊ दाराशी थांबली.

"काका, गुरुवारची गोळी तुम्ही काढलीत ना?"

मी मान डोलावली.

"शुक्रवारी सकाळी मी येऊन गेले होते," ती म्हणाली. "किल्ली होती माझ्याकडे. बाबा आंघोळीला गेले होते. डबी उघडून बघितली, तर ती गोळी तशीच होती. हात न लावता निघून गेले. सोमवारी येऊन नाही जात म्हणायचं, एवढं ठरवून आले होते. आणि मग डबी रिकामी. बाबांनी स्वतःच्या हातानं काढली नसती, तुम्हालाच सांगितलं असणार."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बाबांनी चूक झाकली, काका. बाबांनी." तिनं डोळे पुसले. "मी जावं असं त्यांना इतकं वाटत होतं. मग मी थांबून काय केलं असतं? त्यांना तोंडावर पाडलं असतं." टॅक्सीवाल्यानं आरशातून बघितलं. ती आत बसली आणि काच खाली केली. "रोज येता ते सातला निघू नका. आठपर्यंत बसा."

"बसेन," मी म्हटलं.

टॅक्सी वळेपर्यंत उभा राहिलो आणि मग वर गेलो. वेलांटी खिडकीशी होता.

"एवढा वेळ काय बोलत होती?"

"काही नाही. रोज आठपर्यंत बसा म्हणाली."

तो वळला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. अक्षरं गेली, पण माणसाचा चेहरा त्याला वाचता येत होता. हळूहळू येऊन खुर्चीत बसला.

"म्हणजे तिनं ती गोळी पाहिली होती."

"शुक्रवारीच."

"आणि तरी गेली."

"तरी गेली," मी म्हटलं.

तेव्हा तो रडला. वहिनी गेल्या तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. चार वाजले होते. आठपर्यंत मी तिथंच होतो.